रफी की किशोर, लता की आशा: गाण्यांवरनं नीट वाद कसा घालायचा

चार गाणंवेडी माणसं एकत्र बसली की तासाभरात वाद सुरू होणार हे ठरलेलंच असतं, आणि तो व्हायलाच पाहिजे, कारण ज्याला गाण्यावरनं कधीच भांडावंसं वाटत नाही त्याला गाणं लागलेलंच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण बहुतेक वेळा होतं काय की दोन तास नुसता आवाज चढतो, रफी देवमाणूस होता, किशोर नॅचरल होता, लता म्हणजे लता, आशाची व्हरायटी बघा, आणि या दोन तासात एकही गाणं कोणी धड लावलेलं नसतं. मला हे फार लागतं, कारण समोर एवढा खजिना असताना आपण फक्त नावं घेत बसतो. म्हणून खाली जे काही लिहिलंय ते एकाच गोष्टीवर उभं आहे. वाद माणसावर घालू नका, रेकॉर्डिंगवर घाला, आणि ते वाजत असताना घाला.

आधी प्रश्न छोटा करा

रफी मोठा की किशोर याचा निकाल कधीच लागत नाही, कारण दोघांची मिळून हजारो गाणी आहेत आणि तुमच्या डोक्यात त्यातली वेगळी फिरत असतात, मित्राच्या डोक्यात वेगळी, म्हणजे तुम्ही दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतच नसता. त्यापेक्षा दोघांनी गायलेलं एकच गाणं घ्या. असं गाणं आहे, 'प्यार का मौसम' (१९६९) मधलं 'तुम बिन जाऊं कहाँ'. संगीत आरडीचं (म्हणजे आर. डी. बर्मनचं), शब्द मजरूह सुल्तानपुरींचे, मुखडा तोच, आणि रफी गायलाय शशी कपूरसाठी तर किशोर भारत भूषणसाठी. दोन्ही पाठोपाठ लावा. किशोरचं यॉडलिंग, म्हणजे गळा झटकन वर-खाली फिरवत गाणं, ऐकून एक जण लगेच म्हणेल की झालं, विषय संपला, त्याला थांबवा आणि फक्त मुखड्याची पहिली ओळ दोघांची परत ऐकवा, कोण कुठल्या शब्दावर रेंगाळतो, कोण शब्दाचा शेवट कसा सोडतो, श्वास कुठे घेतो. माझं मत विचाराल तर या एका गाण्यात मला रफी जास्त भिडतो, पण ते 'या गाण्यात' आहे, आणि एवढं म्हणायची सवय लागली तरी निम्मी भांडणं शहाण्यासारखी होतात.

अशा जोड्या बऱ्याच आहेत. 'महबूबा' (१९७६) मधलं 'मेरे नैना सावन भादों' किशोर आणि लता दोघांनीही गायलंय, शिवरंजनी रागावर आधारलेलं. 'मंज़िल' (१९७९) मधलं 'रिमझिम गिरे सावन' पण दोघांचं आहे, फक्त तिथे एक सांभाळा, लताच्या गाण्याला पडद्यावर मुंबईचा खराखुरा पाऊस आहे, अमिताभ आणि मौसमी भिजत हिंडतायत, आणि ते बघितलं की माणूस गाण्याला मत देतोय की पावसाला हेच कळेनासं होतं. फोन पालथा ठेवा आणि फक्त कानानं ऐका.

मराठीत तर याहून भारी गोष्ट आहे. 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात (१९६७) 'घेई छंद मकरंद' हे पद दोन चालींत आहे, दोन्ही चाली जितेंद्र अभिषेकींच्याच, एक सालगवराळी रागात वसंतराव देशपांड्यांच्या आवाजात आणि दुसरी धानी रागात प्रसाद सावकारांच्या. शब्द तेच आणि माणसाचा स्वभावच बदलून जातो! नाटकात दोन घराण्यांचा झगडा आहे आणि तो झगडा अभिषेकीबुवांनी नुसत्या चालीतून उभा केलाय. गाण्याच्या वादाचा श्रीगणेशा मराठी माणसानं इथून करावा असं मला मनापासून वाटतं, कारण इथे शब्द, नाटक, संगीतकार सगळं सारखं आहे आणि तरी घरात दोन पक्ष पडतातच. तसंच 'कानडा राजा पंढरीचा' घ्या, एकाच गाण्यात बाबूजी म्हणजे सुधीर फडके आणि वसंतराव, एक शब्द न् शब्द स्वच्छ ठेवणारा आणि दुसरा सुरावर स्वार होणारा, एकामागोमाग एक. चार मिनिटांत कळतं की आपला कान कुठल्या बाजूला झुकतो.

लता-आशा असं करायचं झालं तर निदान संगीतकार एकच ठेवा. ओ. पी. नय्यरनी लताचा आवाज कधीच वापरला नाही, त्यामुळे नय्यरप्रेमी माणूस आशाकडेच जाणार, त्यात लताचा पराभव वगैरे काही नसतो. दोघींना एकाच माइकसमोर ऐकल्यासारखं ऐकायचं असेल तर 'उत्सव' (१९८४) मधलं 'मन क्यूँ बहका' लावा, लक्ष्मीकांत-प्यारेलालचं, आणि डोळे मिटून कोण कुठे येतंय ते ओळखायचा प्रयत्न करा.

कुठलं रेकॉर्डिंग, ते आधी ठरवा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग अर्धा तास वाया जातो. एक जण रेडिओवरचं बोलत असतो, दुसरा कॅसेटवरचं आणि तिसऱ्यानं कुठल्यातरी रिअॅलिटी शोमधलं ऐकलेलं असतं.

गीतरामायणाचंच बघा. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरनं ते सुरू झालं, गदिमांची छप्पन्न गीतं, चाली सुधीर फडक्यांच्या, पण रेडिओवर तेव्हा वेगवेगळ्या गायक-गायिकांनी ती गायली होती. आपल्यापैकी बहुतेकांच्या कानात आहे ते बाबूजींनी एकट्यानं गायलेलं. म्हणजे 'मूळ गाणंच बरं' असं एखादे काका म्हणाले तर कुठलं मूळ, हे आदरानं विचारायला पाहिजे. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या तेव्हा जुनी गाणी दुसऱ्या गायकांच्या आवाजात गाऊन विकली गेली आणि त्या काळात लहान असलेल्या कितीतरी जणांना तीच मूळ वाटतात. त्यात त्यांचा काही दोष नाही, घरात तीच कॅसेट होती.

नाट्यगीतांचं तर अजूनच. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत कितीही वेळ रंगणारं पद तबकडीवर तेवढ्यात कोंबावं लागायचं. बालगंधर्वांची तबकडी ऐकून 'एवढं काय त्यात' असं नवीन मुलगा म्हणत असेल तर त्याला आधी हे सांगा, मग तीच तबकडी परत लावा, घाईत घेतलेल्या तानांकडे तो वेगळ्या कानानं बघायला लागतो.

कवी कोण, संगीतकार कोण, राग कुठला यावरनं अडलं तर 'आठवणीतली गाणी' ही साईट उघडा, मराठीसाठी तिच्यासारखं दुसरं सोपं साधन नाही. व्हिडिओच्या खाली कुणीतरी टाकलेल्या नावावर विश्वास ठेवू नका, श्रीनिवास खळ्यांचं गाणं हृदयनाथांच्या नावावर आणि यशवंत देवांचं तिसऱ्याच कुणाच्या नावावर, असं सर्रास असतं आणि मग बिचाऱ्या संगीतकाराचं श्रेय जातं. मला यात राग येतो तो त्यासाठीच.

ऐकायची व्यवस्था

फार काही लागत नाही. एक बरा स्पीकर, फोन सायलेंटवर, नेट अडकत असेल तर गाणी आधीच उतरवून ठेवा. दोन गोष्टी मात्र पाळा. एक म्हणजे आवाज सारखा ठेवा. जुनं रेकॉर्डिंग बारीक वाजतं आणि नवं मोठ्यानं, आणि माणसाच्या कानाला जरा मोठ्यानं वाजलेलं आपोआप जास्त भरीव, जास्त चांगलं वाटतं. त्यामुळे जुन्याला दोन घरं वर आणि नव्याला दोन घरं खाली, गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा पोचेपर्यंत करा, मगच मत मागा. दुसरी गोष्ट, गाणं पूर्ण वाजू द्या, सुरुवातीचं म्युझिक उडवू नका आणि अंतऱ्यात बोलू नका, अगदी 'वाह' सुद्धा नको, कारण एकानं वाह म्हटलं की बाकीचे त्याच्याच मागे जातात किंवा मुद्दाम उलटे जातात.

पाळी ठरवून घ्या. एकाचं एक गाणं, मग पुढच्याचं, ज्याच्या हातात फोन त्याचंच राज्य असं व्हायला नको. घरात जो सगळ्यात कमी बोलतो त्याला पहिलं गाणं लावू द्या, त्याच्याकडे बऱ्याचदा सगळ्यात भारी गाणं निघतं.

जागा दाखवा

आता मुख्य काम. 'मला आवडलं' आणि 'मला नाही आवडलं' याच्यावर वाद होऊ शकत नाही, वाद होतो तो जागेवर. दुसऱ्या अंतऱ्यात तो वर जाताना किंचित थांबलाय ना, ती जागा. तिथं मींड आहे की मुरकी, सम कुठं पडली, तबल्यानं ठेका कुठे बदलला. शब्द माहीत नसले तरी चालतं, बोट दाखवा, 'हे इथं, हे ऐक' म्हणा आणि तेवढंच दहा सेकंद परत लावा. ज्याला राग-ताल कळत नाही अशी माणसं या खेळात फार छान बोलतात, कारण ती पुस्तकातलं बोलत नाहीत, त्यांना जे ऐकू आलं तेच बोलतात.

गाणं सुटं करून बघायचं असेल तर चाल वेगळी, शब्द वेगळे, गायकी वेगळी आणि वाद्यं वेगळी, असं एकेकदा ऐका. शब्दांसाठी एकदा नुसतं वाचून दाखवा, चालीशिवाय. पाडगावकरांचं 'शुक्रतारा मंद वारा' कुणीतरी शांतपणे वाचलं की कळतं कवितेतच किती लय आहे, आणि मग अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांच्या आवाजात ते लावलं की खळ्यांनी त्या लयीत काय मिळवलंय तेही कळतं. मग भांडण 'कोण भारी' यावरनं 'कुणी काय केलं' यावर येतं आणि तिथनं पुढे मजा आहे.

वाद्यांकडे तर कोणी बघतच नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पन्नास-साठच्या दशकातल्या हिंदी गाण्यांमधला तो भरगच्च व्हायोलिनचा ताफा, ट्रम्पेट, हार्मनी, यामागे गोव्याची कितीतरी माणसं होती. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनचे अरेंजर, म्हणजे कुठलं वाद्य कुठे काय वाजवेल ते बांधणारे, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, चिक चॉकलेटचा ट्रम्पेट. तुमच्या आवडत्या जुन्या गाण्याचं जे इंटरल्यूड तुम्ही गुणगुणता त्यात यांच्यापैकी कोणाचा तरी हात असू शकतो. एखादं गाणं फक्त मधल्या म्युझिकसाठी लावा, गायकावर कोणी एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवा, आणि बघा वाद किती वेगळ्या दिशेला जातो ते.

नाव झाकून ऐकवा

हे जरूर करा, सगळ्यांना आवडतं. गाणं लावा, पण संगीतकार सांगू नका, आणि चालीबद्दल मत आधी घ्या. 'साधी माणसं' (१९६५) मधलं 'ऐरणीच्या देवा तुला' हे यासाठी उत्तम, लताचा आवाज सगळे ओळखतात पण चाल आनंदघन या नावानं लताबाईंनीच केलीय हे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं. लता म्हणजे फक्त गोड गळा असं म्हणणाऱ्याला हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्याकडे बघा, आणि मग आनंदघनांची बाकीची गाणी पण लावा कारण ती खरोखर मातीतली आहेत.

उलटं पण करता येतं. ज्याला नवं काही चालत नाही त्याला नवं गाणं नाव न सांगता ऐकवा. 'जोगवा' सिनेमातलं 'जीव रंगला' असं ऐकवून बघा, हरिहरन आणि श्रेया घोषाल या दोघांनाही त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, पण ते नंतर सांगा, आधी सांगितलंत तर तो पुरस्काराशीच भांडत बसेल.

'आजकालच्या गाण्यात काय आहे' हा वाद

हा प्रत्येक घरात होतो, आणि दोन्ही बाजूंची माणसं आपल्या जीवाभावाची असतात म्हणून इथे जरा जपून.

मोठ्या माणसाला पहिला प्रश्न गाण्याचा विचारूच नका. 'काका, हे तुम्ही पहिल्यांदा कुठं ऐकलंत?' एवढंच विचारा. मग रेडिओ निघतो. १९५२ मध्ये केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरनं सिनेमाची गाणी जवळजवळ गायब झाली, लोक रेडिओ सिलोनकडे वळले, त्याच वर्षी अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि आठवड्यातनं एकदा सगळी गल्ली एका रेडिओभोवती जमायची, शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. ज्या माणसानं एका गाण्यासाठी आठवडाभर वाट बघितलीय त्याचं त्या गाण्याशी नातं वेगळंच असणार. आणि दहावी-बारावीच्या वयात ऐकलेली गाणी सगळ्यांच्याच अंगात सगळ्यात खोल मुरतात, काकांच्या पण आणि पुतणीच्या पण. हा मुद्दा पुतणीला नीट समजावून सांगा, ती काकांवर वैतागायची थांबते.

पण मग काकांना पण सांगायला पाहिजे, प्रेमानं, की तुलना बरोबरीची करा. साठ वर्षांपूर्वीची जी गाणी आज आपल्याला माहीत आहेत ती गाळून गाळून उरलेली आहेत, त्या काळची सामान्य गाणी कोणी जपलीच नाहीत, आणि आजचं मात्र चांगलं-वाईट सगळं एकदम कानावर आदळतं. म्हणून तेव्हाच्या सगळ्यात चांगल्या पाच गाण्यांसमोर आजची सगळ्यात चांगली पाच ठेवा, रिक्षात वाजणारं एखादं नको. 'सैराट' (२०१६) साठी अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, आता ते संगीत चांगल्या हेडफोनवर काकांच्या कानाला लावा आणि नुसती व्हायोलिनं ऐका म्हणावं. मेहनत संपलीय असं मग म्हणवत नाही.

ऑटोट्यूनचा मुद्दा निघणारच. ते १९९७ ला आलं आणि आज बेसूर गळा सुरात आणता येतो हे खरंच आहे. पूर्वी गायक, वादक सगळे एकत्र उभे राहून एका दमात गाणं रेकॉर्ड व्हायचं, एक चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. आता द्वंद्वगीतातले दोघं वेगवेगळ्या दिवशी येऊन आपापलं गाऊन जातात. यात काहीतरी गेलंय असं मलाही वाटतं, दोन आवाजांची एकमेकांकडे बघण्याची ती गंमत कमी झालीय. पण म्हणून आजचा प्रत्येक गायक यंत्रावर गातो असं म्हणणं अन्यायाचं आहे, त्याच्या मैफलीला जा, समोर बसून ऐका आणि मग ठरवा.

अख्ख्या प्रकारालाच नाक मुरडू नका

लावणी म्हणजे तसलं, कोळीगीत म्हणजे पिकनिकचं, भीमगीत म्हणजे 'त्यांचं', रॅप म्हणजे बडबड. असं कोणी बोललं की तिथंच थांबवायचं, पाहुणा असला तरी. सुलोचना चव्हाणांनी डोक्यावरचा पदर ढळू न देता लावणी गायली आणि शब्दाची धार नुसत्या गळ्यातनं काढली, त्यांना पद्मश्री मिळायला २०२२ साल उजाडलं. वामनदादा कर्डकांनी लिहिलेली गाणी गावोगाव माणसांना उभं करत गेली, ती ऐकताना खुर्चीत मागे रेलून 'चाल साधी आहे' म्हणणं म्हणजे गाणं कशासाठी होतं हेच न बघणं. प्रह्लाद शिंद्यांचा आवाज एकदा मोठ्या स्पीकरवर पूर्ण ऐका, भक्तिगीत असो की भीमगीत, तसा खडा गळा रोज निघत नाही.

गाणं ज्या कामासाठी केलंय त्या कामावर मोजा. 'झिंगाट' रात्री अकराला एकट्यानं हेडफोनवर ऐकून नावं ठेवायची नाहीत, ते वरातीत शंभर माणसांच्या मध्ये उभं राहून ऐकायचं आहे. आणि कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन वरातीत लावायचं नाही. हे कळायला सोपं आहे पण वादाच्या भरात दर वेळी विसरलं जातं.

बोलताना

'तुला काय कळतंय', 'फालतू', 'थिल्लर', 'रडकं', 'म्हाताऱ्यांचं' हे शब्द त्या दिवसापुरते बंद. 'मला नाही भिडलं' चालेल, त्याच्यापुढे कुठं नाही भिडलं ते सांगायचं. विरोध करणाऱ्यानं आधी त्याच गाण्यातली एक आवडलेली जागा सांगायची आणि मग काय ते बोलायचं, हा नियम ऐकायला शाळेसारखा वाटतो पण तो कान उघडतो, कारण जागा सांगायची म्हणजे गाणं ऐकावंच लागतं. ज्याला राग-ताल शिकून माहीत आहेत त्यानं शेवटी बोलावं, त्यानं पहिल्यांदा 'हा मिश्र अमुक आहे' म्हटलं की बाकीचे गप्प होतात आणि वाद मरतो. कुमार की भीमसेन हा वाद तर अशा जाणकारांच्या तोंडून मी ऐकत आलोय आणि दोन्ही बाजूंचं ऐकून दर वेळी दोघंही जास्त आवडायला लागतात.

आवाज फारच चढला तर नवा मुद्दा काढू नका, तेच गाणं परत लावा, सगळ्यांनी गप्प बसून. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

उठायच्या आधी प्रत्येकानं समोरच्या पक्षाचं एक गाणं मागून घ्यायचं. स्वतःच्या आवडीचं दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही, मागून घ्यायचं. ते घरी एकट्यानं दोन-तीनदा ऐका, एकदा काम करताना आणि एकदा काहीच न करता, कारण पहिल्यांदा ऐकताना कान फक्त ओळख करून घेतो. मग ज्याचं गाणं होतं त्याला कळवा, आवडलं तर कुठली जागा, नाही आवडलं तर कितव्या मिनिटाला मन उडालं, सेकंदासकट. पुढच्या वेळी भेटलात की बरोब्बर तिथनंच सुरू करता येतं.